पाच मिलीची परीक्षा

दरवर्षी एक दिवस मी दुकान सहायकाच्या हवाली करते आणि फार्मसी कॉलेजात पुढचे फार्मासिस्ट निवडायला जाते. निवड समितीत एक तरी माणूस रोज काउंटरमागे उभा राहणारा असावा, असा नियम आहे. बाकीच्या दोघांनी काउंटर बँकेत पाहिला असेल तेवढाच. नऊ वर्षं मी जातेय, आणि दर वर्षी संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला एकच सांगते: आजारी पडायचंच असेल तर माझ्या दुकानापासून चार पावलांत पड.

अर्जासोबत तीनशे शब्दांचं मनोगत लागतं. मला फार्मासिस्ट का व्हायचंय. यंदा मुलाखतीला तीस जण बोलावले होते, म्हणजे तीस मनोगतं, आणि त्यांत एकवीस आज्या वारल्या. सगळ्या वेळेवर औषध न मिळाल्यामुळे गेल्या. सगळ्यांनी जाता जाता नातवंडाचा हात हातात घेतला. एका पठ्ठ्याने गेल्या वर्षी आजोबा मारले होते. ते काही चालले नाहीत, म्हणून यंदा आजी. मी लाल पेनाने समासात लिहिलं, 'आता घरात कोण उरलंय?' विभागप्रमुखांना ते आवडलं नाही.

मग चाळीस तासांचं निरीक्षण. उमेदवाराने एखाद्या औषधाच्या दुकानात चाळीस तास उभं राहून काम बघायचं आणि तिथल्या फार्मासिस्टची सही आणायची. माझ्याकडेही येतात. पहिल्या तासाला डोळे मोठे करून बघतात, दुसऱ्या तासाला मोबाइल काढतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, 'मॅडम, सही आत्ताच मिळेल का?' मी हाकलून देते. पलीकडच्या गल्लीतला दुकानदार देतो. त्याच्याकडे चाळीस तास चार मिनिटांत होतात, चहा वेगळा. त्यावर शिफारसपत्रं दोन, तीही लेटरहेडवरच. मजकूर सगळीकडे तोच: मनमिळाऊ, होतकरू, कष्टाळू. नाव बदललं की झालं.

विभागप्रमुखांना मी मनातल्या मनात 'नियमावली' म्हणते. त्यांना नियम पाठ आहेत, आणि नियम पाठ असला की डोकं वापरावं लागत नाही यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. दुसरे एक औषध कंपनीतून निवृत्त झालेले साहेब. ते प्रत्येक वाक्य 'माझ्या अनुभवात' असं सुरू करतात आणि त्या अनुभवात काय घडलं ते कधीच सांगत नाहीत. त्यांचं नाव मी 'अनुभव' ठेवलंय. दुपारच्या जेवणानंतर अनुभव डोळे मिटून ऐकतात. उमेदवारांना वाटतं, साहेब खोल विचारात आहेत.

या दोघांच्या राज्यात एकच गोष्ट धड होती, आणि ती माझी होती. प्रात्यक्षिक.

नऊ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा समितीवर गेले तेव्हा नुसत्याच गप्पा व्हायच्या. मी म्हटलं, गप्पांनी औषध देता येत नाही, हाताने द्यावं लागतं. मग मीच परीक्षा बसवली. शेजारच्या खोलीत एक टेबल. टेबलावर बाळाच्या तापाच्या औषधाची बाटली, आत रंगीत पाणी. माझ्या हाताने लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी: बाळाचं वजन आठ किलो, पाच मिली, दिवसातून तीनदा, तीन दिवस. औषधाची माहिती लिहिलेलं एक कार्ड, मोजायचा पेला, कोरी लेबलं. आणि समोर 'आई'. आईचं काम ऑफिसातल्या बाई करतात. हातात टॉवेलाची गुंडाळी धरून त्या इतक्या मनापासून जोजवतात, की एकदा एका उमेदवाराने टॉवेलाला 'गोड आहे' म्हटलं होतं.

उमेदवाराने हात धुवायचे, चिठ्ठी वाचायची, पाच मिली मोजून दाखवायचं, लेबल लिहून चिकटवायचं आणि आईला समजावून सांगायचं. वेळ सात मिनिटं, गुण वीस. हात धुण्याचे दोन, मोजमापाला सहा, लेबलाला सहा, बोलण्याला सहा. गुणतक्ताही माझाच. पेल्यातल्या पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचली नाही तर मी दोन कापते. लेबलावर 'रोज तीनदा' एवढंच लिहिलं आणि सकाळ-दुपार-रात्र लिहिलं नाही तर एक कापते. या खोलीत माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं नियमावली सगळ्यांना कौतुकाने सांगतात. मीही ते ऐकून घेते.

यंदाचा दिवस नेहमीसारखाच उजाडला. जागा बारा, उमेदवार तीस. पहिल्या मुलाने आल्याआल्या सांगितलं की त्याला मानवतेची सेवा करायची आहे. मी विचारलं, दुकानात भांडायला आलेल्या माणसाचीही करणार का? तो म्हणाला, मानवतेत तो येतो का ते बघावं लागेल. दुसरी मुलगी संशोधन करणार होती. कसलं, ते तिने अजून ठरवलं नव्हतं. पाचव्याचे वडील बाहेर बाकावर बसून होते आणि दार उघडलं की मान आत घालत होते. सातव्याने माझ्याच दुकानाचं नाव घेऊन सांगितलं, की त्याने तिथे चाळीस तास काढले. मी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. फॉर्मवर सही मात्र गल्लीतल्या त्या महात्म्याची.

"माझ्या अनुभवात," अनुभव म्हणाले, "मुलं थोडी घाबरतात."

"घाबरलेलं माणूस खरं बोलतं, सर. हा घाबरलेला नाही," मी म्हटलं.

प्रात्यक्षिकाला मात्र सगळे झकास. कुठल्या तरी क्लासमध्ये माझी परीक्षा आता शिकवतात म्हणे. रेघ डोळ्यांच्या पातळीवर, पाच मिली काटेकोर, लेबल मोत्यासारखं, आईशी गोड हसणं. मी अठरा, एकोणीस, वीस असे गुण टाकत होते. मनात म्हणत होते, निदान हाताला तरी वळण आहे मेल्यांच्या.

जेवणानंतर एकोणीस नंबर आली.

नियमावलींनी आधीच तिची फाइल उघडून ठेवली होती. "ही तिसरी वेळ आहे हिची," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी निरीक्षणाचे तास अठ्ठावीसच भरले होते. दुसऱ्या वर्षी एक शिफारसपत्र साध्या कागदावर. दोन्ही वेळा अर्ज बाद. यंदा कागदपत्रं पूर्ण आहेत. नियम बारा: तीनपेक्षा जास्त वेळा अर्ज करता येत नाही."

म्हणजे आज नाही तर कधीच नाही. ही गोष्ट नियमावलींनी पाण्याची टाकी कधी धुतली हे सांगावं तशी सांगितली.

मुलगी तेवीसेक वर्षांची. बाकीच्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नखांच्या कडेला निळा रंग अडकलेला. मी विचारलं, हे काय?

"रंगाच्या दुकानात काम करते, मॅडम. भिंतीचे रंग. गिऱ्हाइकाला हवी ती छटा मशीनवर मिसळून द्यायची."

तिचं मनोगत मी वाचलं होतं. त्यात आजी नव्हती. तिने लिहिलं होतं, की चाळीस तासांपैकी निम्मे तास तिने माणसांना औषधाचं खोकं उघडून गोळीचा आकार बघताना पाहिलं. गोळी मागच्या वेळेसारखी दिसली की ती निश्चिंत होतात, नाव कोणी वाचत नाही. हे खरं आहे, आणि मला ते आवडलं होतं. पण मुलाखतीत ती जेवढ्यास तेवढं बोलत होती. 'तुम्हाला फार्मासिस्ट का व्हायचंय' यावर म्हणाली, "मला मिसळायचं आणि मोजायचं काम चांगलं जमतं. रंग चुकला तर भिंत पुन्हा रंगवता येते. तिथे मी सहा वर्षं काढली. आता जिथे पुन्हा रंगवता येत नाही तिथे काम करायचंय."

अनुभवांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. नियमावलींनी गुणतक्त्यात 'सेवाभाव' या रकान्यासमोर दहापैकी चार टाकले.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत ती गेली, हात धुतले, ऑफिसच्या बाईंना नमस्कार केला. चिठ्ठी वाचली. बाटली उचलून चारी बाजूंनी फिरवून बघितली. कार्ड वाचलं. पुन्हा बाटली. मग पेला जागच्या जागी ठेवून तशीच उभी राहिली. मी घड्याळाकडे बघितलं, तीन मिनिटं गेली होती.

"बाई, बाळाला याआधी हे औषध किती दिलंय?" तिने विचारलं.

ऑफिसच्या बाईंना असा प्रश्न नऊ वर्षांत कोणी केला नव्हता. त्यांनी टॉवेल छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून दिलं नाही," मीच उत्तर दिलं. "चिठ्ठीत आहे तसं द्यायचंय."

"मग थोडं थांबा," ती बाईंना म्हणाली. "इथे बसा. हे औषध असं देता येणार नाही. डॉक्टरांशी बोलावं लागेल."

नियमावली दारात उभे होते. ते म्हणाले, "अहो, डॉक्टर इथे कुठून येणार? परीक्षा आहे ही. चिठ्ठीत लिहिलंय तेवढं मोजा, लेबल लावा."

"मोजून ठेवलं तर कोणी तरी ते पाजेल, सर."

"कोणाला पाजणार? टॉवेलाला?"

अनुभव हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते. मुलगी हसली नाही. तिने एक कोरं लेबल ओढलं आणि त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहायला लागली. वेळ संपली, घंटी वाजली. पेला कोरडा होता, बाटलीवर लेबल नव्हतं. लिहिलेलं लेबल तिने चिठ्ठीवर ठेवलं आणि गेली.

मी गुणतक्ता भरला. हात धुणे दोन. मोजमाप शून्य. लेबल शून्य. संवाद शून्य, कारण आईला औषध समजावून सांगितलंच नाही. वीसपैकी दोन. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'अतिशहाणी. दिलेलं काम करत नाही.' ती रंगवाली मला मुलाखतीत आवडली होती, त्याचा जरा रागच आला होता मला. आवडलेलं माणूस असं कच्चं निघालं की मी दुप्पट कापते, ही माझी जुनी खोड.

साडेपाचला बेरजा झाल्या. एकोणीस नंबर चौदावी आली. बारा जागा, दोन प्रतीक्षायादीत. प्रतीक्षायादीतलं कोणी कधी आत येत नाही, कारण ज्यांना जागा मिळते ते सोडत नाहीत. नियमावली यादी टंकायला गेले. उमेदवार खालच्या मजल्यावर बाकांवर बसले होते. सहाला यादी लागणार होती.

मी प्रात्यक्षिकाचं टेबल आवरायला गेले. ते मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. पेले पुसले, बाटलीतलं पाणी ओतलं आणि चिठ्ठी उचलताना ते लेबल हातात आलं.

'बाटली १५ मिली. दिवसाला ५ × ३ = १५ मिली. म्हणजे बाटली एका दिवसात संपते. ३ दिवसांना कशी पुरेल? म्हणून मागचं वाचलं. बाटलीवर: १ मिलीत १०० मिग्रॅ. कार्डवर: दर किलोला १५ मिग्रॅ. ८ × १५ = १२० मिग्रॅ. ५ मिलीत जाणार ५०० मिग्रॅ. चौपटीहून जास्त. डॉक्टरांना विचारा.'

मी पुन्हा वाचलं. मग बाटली उजेडात धरली. त्या कंपनीचं तेच औषध दोन प्रकारांत येतं. एक सिरप, पातळ, मोठ्या बाटलीत, चमच्याने द्यायचं. दुसरं थेंब, कितीतरी जास्त दाट, छोट्या बाटलीत, ड्रॉपरने अगदी थोडं द्यायचं. दोन्हींवर तेच हसरं बाळ. चिठ्ठी मी सिरपच्या हिशोबाने लिहिली होती. सिरप पाच मिली दिलं तर बरोबर एकशेवीस मिलीग्रॅम जातं. आणि बाटली आणली होती थेंबांची. नऊ वर्षांपूर्वी, गडबडीत, माझ्याच दुकानातून, माझ्याच हाताने. ड्रॉपर पहिल्याच वर्षी हरवला, आणि मग ती बाटली थेंबांची आहे असं सांगणारं छापील अक्षरांशिवाय काही राहिलं नाही. ती अक्षरं मी नऊ वर्षांत एकदाही वाचली नाहीत.

खुर्ची ओढून मी बसले. आठ किलोच्या बाळाला दिवसातून तीनदा एवढं औषध तीन दिवस दिलं तर यकृत जातं. हे मी गिऱ्हाइकांना रोज बजावते, थेंब आणि सिरप एक नाही, बाटली बघून चमचा भरा. याच चुकीपायी मी एका सहायकाला भर गर्दीत फाडून खाल्लं होतं. तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. आणि मला एकदम आठवलं, तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगा पेला हातात धरून म्हणाला होता, 'मॅडम, इतकं?' मी त्याचे दोन गुण कापले होते. शेरा लिहिला होता, आत्मविश्वास कमी. पुढच्या वेळी त्याने पेला भरला असणार.

लेबल चुरगाळून खिशात टाकावं, असं मनात आलं. खोटं का सांगू, आलंच. कोणाला कळणार होतं? मुलगी रंगाच्या दुकानात परत गेली असती, मी दुसरी बाटली आणली असती. मिनिटभर मी तशीच बसले होते, लेबल मुठीत घेऊन. मग ऑफिसच्या बाई टॉवेल घडी करायला आल्या आणि म्हणाल्या, "ती मुलगी खाली रडत नाहीये हो. नुसती बसलीय. मला तर तीच बरी वाटली. बाळाचं विचारलं तिने." तेव्हा मी उठले.

नियमावलींच्या टेबलावर मी बाटली, चिठ्ठी, कार्ड आणि लेबल ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते हिशोब करत होते तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. हिशोब पाचवीचा होता. तरी त्यांना दोनदा करावा लागला.

"चूक आहे," ते म्हणाले.

"माझी आहे."

"बाहेर बोलू नका." त्यांनी दार लोटलं. "परीक्षेत चूक होती असं लिहिलं तर परीक्षा रद्द. यंदाचीच नाही, मागच्या नऊ वर्षांची. प्रवेश नियम सतरा. लोक कोर्टात जातील. मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का?"

अनुभव आता पूर्ण जागे झाले होते. "माझ्या अनुभवात," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या अनुभवातून काही कामाचं निघालं, "अशा वेळी चूक मुद्दाम होती असं म्हणतात."

नियमावलींचा चेहरा उजळला. दहा मिनिटांत ठराव तयार. 'परीक्षकांनी हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी उमेदवार क्रमांक एकोणीस यांनी ओळखल्यामुळे त्यांना प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण देण्यात येत आहेत.' मुलगी चौदाव्यावरून तिसरी झाली. बारावा होता तो तेरावा झाला. तो माझ्या दुकानात चाळीस तास काढलेला सात नंबरवाला होता, म्हणून त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही.

"पण मुद्दाम ठेवली होती, तर बाकीच्या एकोणतीस जणांना अठरा-वीस गुण कसे?" मी विचारलं. "आणि मागच्या वर्षांच्या मुलांना?"

"मागच्यांचं कोण विचारतंय?" नियमावली म्हणाले. "सही करा. मुलीचं भलं होतंय ना?"

मुलीचं भलं होत होतंच. मी सही केली. नऊ वर्षं त्या दोघांच्या अकलेची मी कीव करत आले, आणि त्या दिवशी त्यांनी मला कसं अलगद खिशात घातलं ते मला कळलंसुद्धा नाही. किंवा कळलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. अनुभवांनी माझी पाठ थोपटली. "काय नामी युक्ती केलीत, मॅडम," ते म्हणाले. दहा मिनिटांपूर्वी ती युक्ती त्यांनीच सुचवली होती, हे ते विसरलेही होते.

सहाला यादी लागली. खाली एकच गलका. कोणी रडत होतं, कोणी फोनवर ओरडत होतं, सात नंबरचे वडील नियमावलींना शोधत होते. मी मागच्या जिन्याने सटकत होते, तेवढ्यात ती समोर आली. ठरावाची प्रत नोटीसबोर्डावर लावली होती. ती तिने वाचली होती.

"मॅडम, आभारी आहे," ती म्हणाली. चेहरा फुलला होता तिचा. "मला वाटलं होतं मी सगळं घालवलं. मला खरंच वाटलं, कोणाच्या तरी हातून चुकलंय. ते मुद्दाम होतं हे वाचल्यावर इतकं बरं वाटलं. म्हणजे इथे माणसं लक्ष ठेवून असतात."

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्या मुलीने ते जन्मभर जपून ठेवलं असतं, पुढे तिच्या मुलांनाही सांगितलं असतं, की एक मॅडम होत्या, काय हुशार बाई. माझ्या तोंडात आलेलं ते.

"नाही," मी म्हटलं. "ते मुद्दाम नव्हतं. मी चुकीची बाटली ठेवली होती. नऊ वर्षं. कोणी पकडली नाही, मीसुद्धा नाही. तुला मी वीसपैकी दोन दिले होते."

मी वाट बघत होते, ती चिडेल किंवा मला धीर देईल याची. दोन्ही चाललं असतं.

"मग आधीच्या सगळ्यांना कळवलंत का?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"जे पास झाले त्यांना. ते आता दुकानांत असतील ना. त्यांनी इथे थेंब पाच मिली मोजले, आणि तुम्ही शाबासकी दिलीत. त्यांच्या डोक्यात तेच बरोबर म्हणून बसलं असेल."

मी म्हटलं, की पुढे चार वर्षं शिकवतात त्यांना, सगळं नीट शिकवतात, असं काही होत नसतं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मला तर चार वर्षं शिकवलं होतं, आणि त्यावर सव्वीस वर्षं मी काउंटरवर काढली होती. ती माझ्याकडे नुसती बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली. ज्याने बाटली न वाचता औषध दिलं त्याच्याकडे असंच बघायचं असतं, आणि तसं बघण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असं मी समजत होते. माझ्याकडे तसं कोणी कधी बघितलं नव्हतं. मान खाली गेली माझी.

"कळवते," मी म्हटलं.

"कधी?"

मी परत वर गेले. नियमावली सात नंबरच्या वडिलांना नियम समजावत होते, अनुभव निघून गेले होते. ऑफिसच्या बाईंना मी नऊ वर्षांच्या प्रवेशयाद्या मागितल्या. त्यांनी काही न विचारता कपाटातून काढून दिल्या. दर वर्षी बारा, म्हणजे एकशे आठ नावं, समोर फोननंबर. सर्वांत जुन्या यादीतला पहिला नंबर मी लावला. तो मुलगा, आता मुलगा कसला, कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या विभागाचं औषध सांभाळत होता. मागे रडणारी पोरं ऐकू येत होती.

मी नाव सांगितलं आणि विचारलं, "ओळखलंत का?"

"म्हणजे काय, मॅडम!" तो केवढ्या आनंदाने म्हणाला. "तुम्हाला कसा विसरेन? वीसपैकी वीस दिले होते तुम्ही. आमच्या बॅचमध्ये मीच एकटा. अजून सगळ्यांना सांगतो."

"त्याबद्दलच फोन केलाय," मी म्हटलं.